चार छोट्या चाकांवर पाचोरा

पाच मिलिमीटरचा खडा म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढासुद्धा नाही. डांबरी रस्त्याच्या कडेला असे हजारो पडलेले असतात आणि सायकलवाल्याला ते जाणवतही नाहीत. स्केटबोर्डवाला मात्र त्यातल्या एकाच खड्यानं तोंडघशी पडू शकतो. हिशेब पाहिला की थक्क व्हायला होतं. बोर्डाचं चाक साधारण 52 मिलिमीटर व्यासाचं असतं. ते या खड्यावर चढवायचं, तर चाकावर जेवढा भार असेल त्याच्या जवळजवळ पाऊणपट जोर आडवा लागतो. सायकलच्या चाकाला भाराच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास पुरतो. खडा तोच, चाक लहान झालं की तो केवढा मोठा होतो!

म्हणूनच अनोळखी गाव एकट्यानं पाहायला स्केटबोर्डासारखं वाहन नाही, असं मला वाटतं. मोटारीचे टायर आणि स्प्रिंगा रस्त्याची जी खबर मधल्या मध्ये गिळून टाकतात, ती इथे थेट तळपायाला पोचते.

खान्देशातल्या पाचोऱ्यात ही खबर मोठी जुनी आहे. इथल्या जमिनीच्या पोटात बेसॉल्ट आहे, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड. तो झिजून कपाशीची काळी माती झाली आणि तोच फोडून रस्त्याची खडी होते. काळ्या मातीतली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि रानात भेगा पडतात. रस्त्याखाली ही माती राहिली असेल, तर वरचं डांबर दरवर्षी थोडं उचललं जातं, थोडं खचतं, मग तडकतं. बोर्डावर उभं राहिलात की ते सगळं ऐकू येतं. जुन्या डांबरावर खरखर, काँक्रीटवर दर सांध्याला ‘टक’, पेव्हर ब्लॉकवर तर दात वाजतात. आणि पाय न मारता बोर्ड पळू लागला, तर समजावं की उतार लागला. पुढे कुठेतरी नाला असेल, नाहीतर हिवरा नदी.

याच गावातून जामनेरला जाणारी ‘पीजे’ ही आगगाडी आठवा. रुळांमधलं अंतर फक्त 762 मिलिमीटर, वाट 56 किलोमीटरची. 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली. लोखंडी चाकाला लोखंडी रूळ, त्यामुळे घर्षण अगदी कमी. पण आगगाडी आपली गुळगुळीत वाट आधी अंथरून घेते. बोर्डाला गाव देईल ती वाट घ्यावी लागते.

ती त्याला घेता आली, याचं बरंचसं श्रेय एका प्लास्टिकला आहे. पूर्वी चाकं धातूची नाहीतर कडक ‘क्ले’ची असत, खडा आला की ती जागीच अडत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी या अमेरिकी तरुणानं पॉलियुरेथेनची चाकं बाजारात आणली. हे चाक खड्याभोवती किंचित दबतं आणि लगेच पूर्ववत होतं. बोर्डाला वळायला हँडलही नाही. शरीर एका बाजूला झुकलं की फळीखालचे दोन्ही ‘ट्रक’, म्हणजे चाकांचे आस, एकमेकांच्या उलट फिरतात, आणि बोर्ड त्या बाजूला वळतो.

एवढ्या साधनावर माणूस किती लांब जाईल? न्यूझीलंडचा रॉब थॉमसन 24 जून 2007 ला स्वित्झर्लंडमधल्या लेझँहून निघाला आणि 28 सप्टेंबर 2008 ला शांघायला पोचला. मधला समुद्र सोडून बोर्डावर 12,159 किलोमीटर! गिनीज बुकात ही नोंद आहे.

पाचोऱ्यात हे करून पाहायचं असेल, तर मऊ आणि मोठी चाकं घ्या, सत्तर मिलिमीटरच्या आसपासची. हेल्मेट घालाच. सकाळी लवकर, वाहनं सुरू व्हायच्या आत निघा. मोठा रस्ता आणि स्टेशनचा फलाट टाळा. पावसाळ्यात मात्र बोर्ड घरीच ठेवा, कारण ओल्या रस्त्यावर चाकं घसरतात आणि भिजलेली बेअरिंग गंजतात.