सातकुंड आटतो, तो दगडामुळे

अजिंठ्याच्या नालाकृती दरीत वाघूर नदी सातकुंड धबधब्याच्या सात कुंडांतून टप्प्याटप्प्याने उतरते, ती पावसाळ्यात. उन्हाळ्यात उरतो काळा कातळ. याचं खापर सरसकट जंगलतोडीवर फोडलं जातं. झाडं पाणी अडवतात, हे खरंच. पण मूळ कारण दगडात आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर इथे एकावर एक बसलेत. घट्ट बेसाल्टमध्ये पाणी भेगांपुरतंच मुरतं, बाकीचं वाहून जातं. हेच थर कमीअधिक वेगाने झिजले, म्हणून पायऱ्या पडल्या. मग पाणी आहे तोवर तरी पर्यटकांना कुंडात उतरू द्यावं? नाही. वरच्या पठारावर सर कोसळली, तर खाली ऊन असतानाही लोंढा येतो, आणि शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही. समोरच्या डोंगरावरून धबधबा छान दिसतो की!