साडीला फोन नंबर कशाला?

गेल्या दिवाळीत सासूबाईंना साडी घ्यायला गेले होते. बिल करताना दुकानातल्या मुलाने मोबाईल नंबर विचारला. मी सवयीने सांगूनही टाकला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पैसे रोख दिलेस ना? मग साडीला फोन नंबर कशाला?" मला उत्तर देता येईना!

मैत्रिणींनो, शेजारीण आपल्या कपाटात डोकावली तर आपल्याला खपत नाही. मग नंबर, पत्ता, जन्मतारीख कुणालाही कशी देतो आपण?

निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ साली 'आधार'विरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले. खाजगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असे सरकारचे म्हणणे होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, आहे! २०१८ मध्ये कोर्टाने आधार कायम ठेवले. पण शाळाप्रवेशासाठी त्याची सक्ती नको, असेही बजावले.

२०२३ साली माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला. त्यात दुकानदाराला आपल्या संमतीचे बंधन आहे. सरकारला मात्र आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा. वाद आहे तो इथेच. "चोर पकडायचे तर माहिती हवीच," असे आमच्या घरी 'हे' म्हणतात. मी म्हणते, जरूर पकडा. पण किल्ली मागणाऱ्याने कारण तरी सांगावे!

आपल्या हाती एवढे आहे : चालत असेल तिथे आधारची शेवटचे चारच आकडे दिसणारी 'मास्क्ड' प्रत द्यावी. आणि नंबर मागितला, की सासूबाईंसारखे विचारावे, "कशाला?"