स्वयंचलित गिअरबॉक्सचे रोगनिदान

ताप हा रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण आहे. हिवतापात ताप येतो, विषमज्वरात येतो आणि साध्या पडशातही येतो. म्हणून चांगला डॉक्टर नुसत्या तापावर औषध देत नाही. तो आणखी चार लक्षणे विचारतो, रक्त तपासतो आणि एकेक शक्यता खोडत जातो. यंत्रांचे रोगनिदानही याच रीतीने करावे लागते. जुन्या मोटारीचा स्वयंचलित गिअरबॉक्स हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

अमेरिकेतील बहुतेक मोटारींना क्लचचे पेडल नसते. तेथे जनरल मोटर्स कंपनीने १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाडीत पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स बसवला आणि पुढे तो घरोघरी पोहोचला. तिथल्या गाड्या वापरल्याही दीर्घकाळ जातात. २०२३ मध्ये तेथील रस्त्यांवरच्या हलक्या वाहनांचे सरासरी वय १२ वर्षांहून अधिक होते. तीन लाख किलोमीटर धावलेल्या गाडीचा गिअरबॉक्स खोलून पुन्हा बांधायचा, तर खर्च पुष्कळदा गाडीच्या किमतीइतका येतो. म्हणजे निदान चुकले, तर एखाद्या तुटक्या तारेपायी चालती गाडी भंगारात जाऊ शकते!

आत काय असते?

इंजिनाची शक्ती प्रथम टॉर्क कन्व्हर्टरमध्ये येते. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला, की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथे वाऱ्याच्या जागी तेल असते. या दोन चक्रांच्या मधे तिसरे चक्र बसवून फिरवण्याचा जोर वाढवण्याची युक्ती हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांसाठी काढली होती.

पुढे ग्रहमाला असते. मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि बाहेरून आतल्या दात्यांचे कडे. या तिघांपैकी कोणाला धरून ठेवायचे आणि कोणाला फिरवायचे, यावर गिअर ठरतो. धरण्याचे आणि जोडण्याचे काम क्लच व पोलादी पट्टे करतात. त्यांना तेलाचा दाब आवळतो आणि तो दाब कोठे पाठवायचा, हे विजेवर चालणाऱ्या सोलेनॉइड झडपा ठरवतात.

म्हणजे बिघाडाची स्थाने मुख्यत: तीन : तेल, वीज आणि यंत्राचे भाग. तपासणीही याच क्रमाने करायची, कारण स्वस्त आणि सोपी तपासणी आधी, महागडी शेवटी.

रोगी समोर आला

१९९० च्या दशकापासून शेवरोलेच्या अनेक गाड्यांत ४एल६०-ई नावाचा चार गिअरचा गिअरबॉक्स बसवला जाई. समजा, अशी एक जुनी गाडी आपल्यासमोर आहे. ती पहिल्या गिअरमध्ये नीट निघते. मग इंजिनाचा आवाज चढतच जातो आणि गाडी एकदम तिसरा गिअर घेते. चौथा लागत नाही. रिव्हर्समध्ये टाकली, तर इंजिन नुसते गुरगुरते, गाडी जागची हलत नाही.

प्रथम तेल. गाडी सपाट जागी उभी करून, हातब्रेक लावून, इंजिन गरम व चालू ठेवून तेलाची दांडी पाहायची. तेल कमी असेल, तर पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि क्लच घसरू लागतात. नवे तेल लाल असते. ते तपकिरी होऊन करपल्याचा वास येत असेल, तर क्लचची अस्तरे जळली आहेत. दुधाळ गुलाबी दिसले, तर रेडिएटरमधील पाणी तेलात शिरले आहे. तळाच्या तबकात एक चुंबक असतो. त्याच्यावर राखाडी लेप जमणे हे वयाचे लक्षण आहे, पण पोलादाचे कण किंवा कपचे सापडले, तर आत काहीतरी मोडले आहे असे समजावे. आपल्या गाडीत तेल पुरेसे आहे, करपलेले नाही, पण चुंबकावर पोलादाचे चमकदार कण आहेत. ही एक खूण लक्षात ठेवू या.

आता वीज. या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलणारे दोन सोलेनॉइड असतात. दोन्ही चालू असताना पहिला गिअर आणि दोन्ही बंद असताना तिसरा. वीजच तुटली, तर गाडी तिसऱ्यात अडकून बसते आणि जड बैलगाडीसारखी निघते. पुष्कळांना तेव्हा गिअरबॉक्स 'गेला' असे वाटते. प्रत्यक्षात दोष एखाद्या गंजलेल्या जोडणीचा असतो. पण आपल्या गाडीला पहिला मिळतो आणि तिसराही मिळतो. अर्थात दोन्ही सोलेनॉइड चालूही होतात आणि बंदही होतात. शिवाय रिव्हर्स त्यांच्यावर अवलंबून नसतो. विजेवरचा संशय मिटला.

कोष्टक काय सांगते?

आता भागांकडे वळू. एकाच दिशेने फिरू देणारे खटके सोडून दिले, तर कोणत्या गिअरला कोण राबते, ते असे :

पहिला : पुढचा क्लच
दुसरा : पुढचा क्लच, पट्टा
तिसरा : पुढचा क्लच, तीन-चार क्लच
चौथा : पुढचा क्लच, तीन-चार क्लच, पट्टा
रिव्हर्स : रिव्हर्स क्लच, लो-रिव्हर्स क्लच

दुसरा आणि चौथा गिअर नाहीत. दोहोंत समान काय? पट्टा. मग पट्टाच दोषी का? पण रिव्हर्समध्ये पट्ट्याचे काम नाही, आणि रिव्हर्सही गेला आहे. रिव्हर्स क्लच बिघडला म्हणावे, तर दुसरा आणि चौथा का जावेत? दोन भाग एकाच वेळी मोडले असे मानण्यापूर्वी, तिन्ही लक्षणांचा उलगडा करणारा एकच भाग आहे का, हे पाहावे.

तसा भाग आहे. तो कोष्टकात नाही, कारण तो क्लचही नाही आणि पट्टाही नाही. मागच्या ग्रहमालेचे सूर्यचक्र घंटेच्या आकाराच्या एका पोलादी भांड्याला जोडलेले असते. पट्टा ड्रमला आवळतो, ड्रम त्या भांड्याला धरतो आणि भांडे सूर्यचक्राला. रिव्हर्समध्ये फिरवण्याचा जोरही याच भांड्यातून सूर्यचक्राकडे जातो. भांडे तुटले, की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स हे तिन्ही एकदम जातात. तेल न करपता चुंबकावर पोलाद का सापडले, याचेही उत्तर मिळाले. गिअरबॉक्स खोलावा लागेल, पण आता आत काय शोधायचे, ते ठाऊक आहे.

हा निष्कर्ष आकड्यांनीही पडताळता येतो. या गिअरबॉक्सचा तिसऱ्या गिअरचा गुणक १.०० व चौथ्याचा ०.७० आहे. कन्व्हर्टरची दोन्ही चक्रे घट्ट जोडलेली असताना इंजिन मिनिटाला २१०० फेरे करत असेल, तर चौथ्या गिअरमध्ये बाहेरच्या दांड्याचे फेरे २१०० ÷ ०.७० = ३००० व्हायला हवेत. ते २१०० च भरले, तर संगणकाने चौथ्याचा हुकूम दिला असला, तरी गाडी तिसऱ्यातच आहे!

तेल बदलले आणि गिअरबॉक्स गेला

जुन्या गाडीचे तेल बदलू नये, बदलले की गिअरबॉक्स मरतो, असा समज अनेकांत आढळतो. आपला अनुभवही ते सांगतात. पण विचार करा : वर्षानुवर्षे तेलाकडे न पाहणारा मालक तेल कधी बदलतो? गिअर घसरू लागल्यावर. तेव्हा अस्तरे आधीच झिजलेली असतात. रोगी अत्यवस्थ झाल्यावरच डॉक्टरला बोलावले, तर डॉक्टर आला म्हणून रोगी दगावला असे म्हणता येईल का? एका घटनेमागून दुसरी घडली, एवढ्याने पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. खरी तुलना करायची, तर सारख्याच झिजलेल्या गाड्यांपैकी काहींचे तेल बदलावे, काहींचे नाही, आणि मग मोजदाद करावी.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. दुसरी एक अशीच गाडी आली आहे. पहिला, दुसरा आणि रिव्हर्स ठीक, पण तिसरा आणि चौथा दोन्ही घसरतात. तेल तपकिरी असून करपल्याचा वास येतो. वरचे कोष्टक पुन्हा पाहा. दोषी कोण आणि तेलाचा पुरावा त्याच्याशी कसा जुळतो, हे वर्गात फळ्यावर मांडून दाखवा.