भंडाऱ्यातल्या सळईला मीठ कुठून लागतं?

‘सळया गंजतात कोकणात, आपल्याकडे समुद्र कुठे आहे?’ भंडारा, तुमसर, पवनीकडे घर बांधताना हा दिलासा सहज दिला जातो. खारा वारा किनाऱ्यावरच असतो, हे खरं. पणजीचा मांडवी पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, त्यात केबलचा गंज हे मोठं कारण होतं. पण सळईचा वैरी म्हणजे क्लोराइड, आणि त्याला समुद्रच लागतो असं नाही. कालवलेल्या मालातल्या पाण्यातून, मारलेल्या पाण्यातून, स्वस्तातल्या रसायनांतूनही ते येतं. टाइल्सचे डाग काढायला बाथरूममध्ये ओततात ते ॲसिड बहुधा हायड्रोक्लोरिक असतं. ते सांध्यांतून झिरपलं की क्लोराइड थेट स्लॅबमध्ये. सळईवरचा पातळ संरक्षक थर ते जागोजागी फोडतं, तिथे खड्डे पडतात, आणि हे करताना क्लोराइड संपतही नाही.

‘पिण्याचं पाणी बांधकामाला चालतंच.’ बहुतेक वेळा चालतं. पण पिण्याच्या पाण्यात लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड चांगलं मानतात आणि दुसरा स्रोत नसेल तर १०००पर्यंत चालवून घेतात. आरसीसीसाठी आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाची मर्यादा मात्र ५०० आहे. म्हणजे ७०० मिलिग्रॅमचं बोअरचं पाणी नाइलाजाने माणसाला चालेल, सळईला नाही. पाया भरण्याआधी एक बाटली प्रयोगशाळेत द्यायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

‘हॅमर मारून पाहिला, स्लॅब ठणठणीत आहे.’ हा रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो, गंज नाही. फिनॉल्फ्थॅलिन फवारल्यावर काँक्रीट गुलाबी झालं, तरी निर्धास्त होऊ नये. त्यातून फक्त अल्कधर्मीपणा टिकल्याचं कळतं, आणि गुलाबी काँक्रीटमध्येही क्लोराइड असू शकतं. ते तपासायला वेगवेगळ्या खोलीवर ड्रिल करून भुकटी काढतात आणि सिल्व्हर नायट्रेटने मोजतात. आरसीसीत एका घनमीटरला ०.६ किलो ही मर्यादा.

गंज चालू आहे का, हे हाफ-सेल चाचणी सांगते. एका जागी सळईवरचं काँक्रीटचं कव्हर फोडून सळई घासून चकचकीत करायची, तिला व्होल्टमीटरची तार लावायची. दुसरी तार मोरचूदाच्या निळ्या द्रावणात बुडालेल्या तांब्याच्या दांडीला. दांडीच्या नळीखालचा ओला स्पंज आखलेल्या चौकोनांवर एकेक करून टेकवत आकडे टिपायचे. उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली आकडा गेला तर गंजाची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. उणे २००च्या वर असेल तर गंज नसण्याची तेवढीच. मधल्या आकड्यांवर निकाल देऊ नये. ‘आकडा जितका खाली तितका गंज वेगात’ हेही चूक: ही शक्यता आहे, वेग नाही. पाण्यात बुडालेल्या खांबाला ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून तिथे गंज नसतानाही आकडा खूप खाली जातो.

‘गंजावर नजर ठेवणारे सेन्सर म्हणजे परदेशी प्रकरण.’ काँक्रीटमध्ये कायम पुरायच्या इलेक्ट्रोडमध्ये मँगनीज डायऑक्साइड वापरतात. आपल्याच भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतून जे निघतं आणि बॅटरीवाले नेतात, तेच हे संयुग. असे सेन्सर साध्या घराला लागत नाहीत. मोठ्या पुलाला, धरणाच्या दरवाजांच्या खांबांना शोभतात. एका प्रकारात पोलादाचे तुकडे शिडीसारखे वेगवेगळ्या खोलीवर बसवतात. क्लोराइड आत सरकेल तसा वरचा तुकडा आधी गंजू लागतो, मग त्याखालचा. तुकड्यांमधलं अंतर आणि मधे गेलेला काळ यांवरून क्लोराइडला मुख्य सळईपर्यंत पोचायला किती वर्षं उरलीत, याचा अंदाज अभियंता बांधतो. कव्हर फुटून सळई उघडी पडण्याआधी दुरुस्ती हाती घेता येते ती याच वर्षांत.