साभार परत

मासिकांच्या कचेरींतून लेख परत येई तेव्हां त्याबरोबर एक लहानशी चिठ्ठी येत असे, व तिजवर दोनच शब्द असत : ‘साभार परत’. ज्यानें आयुष्यांत एकदां तरी कांहीं लिहून कोठें धाडलें आहे, त्याला त्या दोन शब्दांची धार सांगावयास नको. आभार मानून दार लावून घेण्याची ही रीति मोठी सभ्य खरी. परंतु सभ्यतेमुळें घाव कमी लागतो असें नाहीं. आतां चिठ्ठी गेली व तिच्या जागीं ईमेल आलें, एवढाच काय तो फरक.

पूर्वीं हा घाव हौशी लेखकांच्या वांट्यास येत असे. आज तो कॉलेजांतील अध्यापकांस व पीएच्. डी. करणाऱ्या मुलामुलींस नित्याचा झाला आहे. संशोधनाचा लेख छापून आला म्हणजे नोकरी, बढती व मान. न आला तर सर्वच अडतें. अशी एखादी लेक, सून किंवा पुतण्या आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असेल, म्हणून हा विषय मासिकांत मांडण्याचें योजिलें आहे.

गेल्या वर्षीं हा प्रसंग आमच्याच घरीं आला. माझी धाकटी सून कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकविते. कोंकणांतील कातळसड्यांवर पावसाळ्यांत जें गवत उगवतें, त्याचा तिनें चार पावसाळे हिंडून अभ्यास केला आणि त्यावर इंग्रजींत लेख लिहून परदेशांतील एका त्रैमासिकाकडे धाडला. सात महिने कांहीं उत्तर नाहीं. एके रात्रीं पानें मांडलेलीं असतां तिचा फोन वाजला, आणि ती अर्ध्या पानावरून उठली. दोन परीक्षकांचीं मतें आलीं होतीं. पहिल्यानें अभ्यास उपयुक्त ठरविला होता. दुसऱ्याचें म्हणणें असें कीं, नमुने थोडे आहेत, भाषा सदोष आहे व लेखांत नवें असें कांहीं नाहीं. संपादकानें दुसऱ्याचें ऐकलें होतें. मी समजूत घालावयास गेलों तेव्हां ती म्हणाली, “अण्णा, लेख नापास झाला असता तर चाललें असतें. नालायक मीच ठरलें.”

मी पडलों मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. मला तिच्या गवतांतलें कांहीं कळत नाहीं. पण तें वाक्य मात्र मीं तत्काळ ओळखलें. पस्तीस वर्षांपूर्वीं मीं मराठींतील सामासिक शब्दांवर एक लांबलचक निबंध लिहून एका मासिकाकडे धाडला होता. तो साभार परत आला. संपादकांनीं समासांत स्वतःच्या हातानें लिहिलें होतें कीं, निम्मा करून पाठविल्यास अवश्य विचार करूं. तें मार्गदर्शन होतें. मला तो अपमान वाटला. त्याच संध्याकाळीं मीं तीं पानें बंबांत घातलीं. संपादकाचें त्यांत कांहीं गेलें नाहीं. गेला तो माझा निबंध, आणि त्याबरोबर लिहिण्याची उमेदही गेली.

लेख नाकारला जाणें आणि लेखक नाकारला जाणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. हें म्हणावयास सोपें, आचरावयास कठीण. म्हणून नकार मुळांत कां येतो तें नीट पाहिलें पाहिजे. माझ्या मतें त्याचीं मुख्य कारणें तीन, आणि तिन्हींस थोरामोठ्यांचीं उदाहरणें आहेत.

पहिलें कारण केवळ जागेचा अभाव. हॅन्स क्रेब्ज या रसायनशास्त्रज्ञानें शरीरांतील पेशी अन्नापासून शक्ति कशी निर्माण करतात, त्या क्रियेचें चक्र शोधून काढलें व १९३७ सालीं ‘नेचर’ या साप्ताहिकाकडे तो वृत्तान्त धाडला. पुढील सात-आठ आठवडे पुरेल इतका मजकूर आमच्याकडे पडून आहे, असें उत्तर त्याला आलें. त्याच वर्षीं हॉलंडमधील एका नियतकालिकांत लेख छापला गेला, आणि १९५३ सालीं क्रेब्जला नोबेल पारितोषिक मिळालें.

दुसरें कारण परीक्षकाची चूक. इन्सुलिन टोंचून घेणाऱ्या रोग्यांच्या रक्तांत त्या इन्सुलिनविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार होतात, असें रोझॅलिन यॅलो व त्यांचे सहकारी सॉलोमन बर्सन यांनीं दाखविलें. तें परीक्षकांस पटेना. एका नियतकालिकानें लेख नाकारला, दुसऱ्यानेंही प्रथम नाकारला. अखेर मथळ्यांतून ‘प्रतिद्रव्य’ हा शब्द काढण्याची तडजोड यॅलोबाईंनीं पत्करली व १९५६ सालीं लेख प्रसिद्ध झाला. शब्द सोडला, सिद्धान्त सोडला नाहीं. १९७७ सालीं नोबेल मिळालें तेव्हां त्यांनीं ती नकाराची चिठ्ठी जपून ठेवलेली होती व आपल्या व्याख्यानांत ती जगापुढें मांडली.

तिसरें कारण मनाला फार बोंचणारें : परीक्षकाचें म्हणणेंच बरोबर असतें. १९३६ सालीं आइन्स्टाइन व रोझेन यांनीं गुरुत्वलहरी असूं शकत नाहींत अशा अर्थाचा लेख अमेरिकेंतील ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे धाडला. संपादकानें तो न विचारतां परीक्षकास दाखविला, याचा आइन्स्टाइनला राग आला व त्यानें लेख परत मागविला. पुढें विवेचनांत खरोखरच दोष असल्याचें ध्यानांत आलें, निष्कर्ष बदलला, आणि सुधारलेला लेख १९३७ सालीं दुसऱ्या नियतकालिकांत आला. राग आइन्स्टाइनलाही येतो. परंतु रागाच्या भरांत त्यानें लेख बंबांत घातला नाहीं.

परीक्षकांची ही पद्धति फार प्राचीन आहे असेंही समजूं नये. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या चिटणिसानें, हेन्री ओल्डेनबर्गनें, १६६५ सालीं आपलें शास्त्रीय नियतकालिक सुरू केलें, तेव्हां निवड बहुतांशीं त्याच्याच हातीं होती. खुद्द ‘नेचर’नें प्रत्येक लेख बाहेरच्या तज्ज्ञांकडे धाडण्याचा नियम १९७३ सालापासून पाळला. माणसांनीं केलेली ही व्यवस्था आहे; तिच्यांत गुणही आहेत, दोषही आहेत. तिला ईश्वराचा न्याय मानण्याचें कारण नाहीं.

आमच्या संस्कृत शास्त्रग्रंथांची एक शिस्त येथें उपयोगी पडते. भाष्यकार आपला सिद्धान्त सांगण्यापूर्वीं प्रतिपक्षाचें म्हणणें, होईल तितकें बळकट करून, पूर्वपक्ष म्हणून मांडतो व मगच उत्तर देतो. प्रतिपक्षी समोर नसला तर तो कल्पनेनें उभा करतो. मग आपला लेख वाचून, बहुधा मोबदल्यावांचून, आक्षेप लिहून धाडणारा पूर्वपक्षी आयता लाभला, तर त्याचा उपयोग कां करूं नये? सूनबाईंस मीं एवढेंच सुचविलें कीं, तीं मतें तीन दिवस मिटवून ठेव. त्या अवधींत संपादकास एक ओळही लिहूं नकोस. चौथ्या दिवशीं आम्ही दोघें वही घेऊन बसलों. शब्दकोश माझ्याकडे, शास्त्र तिच्याकडे. आक्षेप एकूण सतरा निघाले. सहा निव्वळ भाषेचे. पांच ठिकाणीं माहिती लेखांत होती, परंतु परीक्षकास ती दिसली नव्हती. वाचणाऱ्यास दिसली नाहीं तर वाक्य आपलेंच सदोष, असें तिनें मान्य केलें. चार आक्षेप खरे होते. नमुने थोडे होते हा त्यांतलाच एक. आणि दोन तिला मुळींच मान्य नव्हते; त्यांचें उत्तर तिनें सौम्य शब्दांत, आधार देऊन लेखांतच घातलें. ‘नालायक’ हा शब्द त्या सतरांत कोठेंच नव्हता. तो तिनें आपल्या पदरचा घातला होता.

एक सावधगिरीची सूचना. असें मन खचलेलें असतां फसविणाऱ्यांचें फावतें. पैसे भरा, आठवड्यांत लेख छापूं, अशीं आमंत्रणें ईमेलनें येतात. छपाईचा आकार घेणारीं नियतकालिकें सर्वच खोटीं नसतात. पण परीक्षणावांचून चार दिवसांत स्वीकार होत असेल, तर तेथें विद्येचा नव्हे, पावतीचा व्यवहार आहे असें समजावें. विद्यापीठ अनुदान आयोगानें मान्य नियतकालिकांची जी यादी पुणें विद्यापीठांतील केंद्राच्या साह्यानें चालविली होती, ती २०२५ सालीं बंद केली. त्यामुळें पारख करण्याची जबाबदारी आतां संस्थांवर व खुद्द लेखकावर आली आहे. पीएच्. डी.चा प्रबंध देण्यापूर्वीं लेख छापलाच पाहिजे, ही आयोगाची अटही २०२२ च्या नियमांत उरलेली नाहीं. एखाद्या विद्यापीठाचा वेगळा नियम असल्यास तो विचारून घ्यावा. पण जुन्या अटीच्या धाकानें घाई करूं नये. धाडण्यापूर्वींच दोनतीन चांगल्या नियतकालिकांचीं नांवें क्रमानें लिहून ठेवावीं व एका वेळीं एकाकडेच लेख द्यावा. पहिल्याकडून परत आला तर पुढचा पत्ता तयार असतो, आणि नकाराच्या दिवशीं नवा विचार करावा लागत नाहीं.

घरच्या मंडळींनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. “लेख छापून आला का?” हा प्रश्न आम्ही वडीलधारी माणसें कौतुकानें विचारतों, परंतु ऐकणाऱ्यास तो रोज परीक्षेस बसविणारा होतो. त्याऐवजीं “आज काय लिहिलेंस?” असें विचारावें. छापणें दुसऱ्याच्या हातीं आहे, लिहिणें आपल्या. आणि झोंप व अन्न आठवडेच्या आठवडे तुटलें, तर तें लाडकें दुःख समजून झांकूं नये. वेळीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

असो. पुढील भाद्रपदांत सडा फुलावर आला तेव्हां सूनबाई पुन्हां जाऊन आणखी नमुने घेऊन आली, आणि सुधारलेला लेख दुसऱ्या नियतकालिकाकडे गेला. हें लिहीत असतां त्याचा निकाल आलेला नाहीं. ती मात्र दुसऱ्या लेखास लागली आहे. तिचें पाहून मीही जुन्या वह्या काढल्या व समासांचा तो निबंध आठवून आठवून पुन्हां लिहावयास घेतला आहे. संपादकांनीं सांगितल्याप्रमाणें या खेपेस तो निम्मा करणार आहें. परत आलाच, तर सोबतची चिठ्ठी नीट वाचीन.