जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमधील बांधणीचा टप्पा

बांधणीचा टप्पा, म्हणजेच 'बिल्ड स्टेप', ही वेब आज्ञावलीवर आधीच करून ठेवण्याची प्रक्रिया होय. लेखकाने लिहिलेल्या मूळ फाइलींचे रूपांतर, एकत्रीकरण आणि संक्षेपीकरण करून त्यातून निघालेल्या नव्या फाइली ब्राउझरकडे पाठवल्या जातात. व्ह्यू, रिअ‍ॅक्ट यांसारखी जावास्क्रिप्ट फ्रेमवर्के या टप्प्यासह वापरण्याचा प्रघात असला, तरी त्याविनाही ती वापरता येतात. मराठी विकिपीडिया ज्या मिडियाविकी प्रणालीवर चालतो, ती या दुसऱ्या पद्धतीचे मोठे उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

जावास्क्रिप्ट (१९९५) ही मुळात ब्राउझरने थेट वाचून अमलात आणावयाची भाषा आहे. २०१५ च्या प्रमाणकापर्यंत तिला स्वतःची मॉड्यूल पद्धत नव्हती. त्यामुळे अनेक फाइलींत विभागलेली आज्ञावली जोडण्यासाठी बाहेरचे साधन लागे. नोड.जेएस (२००९) आल्यावर वेबपॅकसारखी अशी साधने रूढ झाली. रिअ‍ॅक्टबरोबर वापरली जाणारी जेएसएक्स ही लेखनपद्धती आणि टाइपस्क्रिप्ट ही भाषा ब्राउझरला थेट कळत नाहीत. त्या आधी साध्या जावास्क्रिप्टमध्ये उतरवाव्या लागतात.

या सोयीची किंमतही असते. मार्च २०१६ मध्ये अवघ्या ११ ओळींची 'लेफ्ट-पॅड' ही संहिता तिच्या लेखकाने एनपीएम या भांडारातून काढून घेतली आणि तिच्यावर विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी अडून बसली. पुढे २०१८ पर्यंत प्रमुख ब्राउझर मॉड्यूल थेट वाचू लागले. केवळ फाइली जोडण्यासाठी बांधणी हवीच, अशी सक्ती तेव्हापासून उरली नाही.

बांधणीविना व्ह्यू

इव्हान यू यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले व्ह्यू एका साध्या स्क्रिप्ट टॅगने पानात आणता येते. पानाचा साचा मग वाचकाच्या ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टमध्ये रूपांतरित होतो. त्यासाठी व्ह्यूचा अनुवादक भागही बरोबर पाठवावा लागतो आणि त्याने संकुचित स्वरूपात सुमारे १४ किलोबाइटची भर पडते. बांधणी केली असता हे काम आधीच उरकलेले असते.

साचा थेट एचटीएमएल पानात लिहिल्यास काही बंधने पाळावी लागतात. एचटीएमएल रोमन लिपीतील मोठ्या व लहान अक्षरांत भेद करत नाही, म्हणून घटकांची नावे लहान अक्षरांत, संयोगचिन्हाने जोडून लिहावी लागतात. घटकाचा टॅग स्वतंत्रपणे बंद करावा लागतो. तक्त्याच्या आत परका टॅग आला, तर ब्राउझर तो उचलून तक्त्याबाहेर टाकतो. या शेवटच्या अडचणीचा उलगडा व्ह्यूच्या नव्हे तर एचटीएमएलच्या नियमांत आहे. संकेतस्थळाच्या सुरक्षा धोरणाने मजकुरातून आज्ञा बनवण्यास मनाई केली असेल, तर ब्राउझरमधला अनुवाद चालतच नाही.

विकिपीडियावरील वापर

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर या गावाची माहिती कुणी वेक्टर २०२२ या रूपातील विकिपीडियावर शोधू लागला, तर दोन-तीन अक्षरे टंकताच शोधपेटीखाली लेखांची नावे येऊ लागतात. ही शोधपेटी व्ह्यूमध्ये लिहिलेली आहे. विकिमीडियाने २०२० मध्ये व्ह्यूची निवड केली. परंतु मिडियाविकीत २०११ पासूनच रिसोर्सलोडर ही व्यवस्था होती आणि ती फाइली जोडण्याचे व लहान करण्याचे काम सर्व्हरवर, मागणी येताच करत असे. तिलाच व्ह्यूच्या फाइली वाचायला शिकवण्यात आले. रिसोर्सलोडर फाइलीतील साचा, आज्ञा आणि शैली वेगळ्या करतो. साच्याचा अनुवाद मात्र ब्राउझरवर सोडतो. या फाइलींत टाइपस्क्रिप्ट चालत नाही.

याला अपवादही आहे. बटणे, यादी, शोधपेटी असे तयार घटक पुरवणारा कोडेक्स हा संग्रह व्हाइट या साधनाने बांधला जातो आणि त्याची तयार फाइल मिडियाविकीत ठेवली जाते. म्हणजे एकाच पानावर दोन्ही पद्धती नांदतात.

संपादकांच्या दृष्टीने बांधणीविना पद्धतीचे महत्त्व अधिक आहे. विकिपीडियावरील उपकरणे, म्हणजे गॅजेट, विकीच्याच पानांवर लिहिलेली असतात. त्यांचा मूळ मजकूर कोणीही वाचू शकतो, जुन्या आवृत्त्या इतिहासात तपासू शकतो आणि स्वतःच्या सदस्यपानाखाली त्याची प्रत करून प्रयोग करू शकतो. सामाईक उपकरणांत बदल करण्याचा अधिकार मात्र मोजक्या प्रचालकांकडे असतो. तिथे बांधून लहान केलेली फाइल चिकटवली, तर पुढच्या स्वयंसेवकाला ती दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य होते, कारण तिची मूळ प्रत दुसऱ्याच कुणाच्या संगणकावर राहिलेली असते.

देवनागरी मजकूर

ईएसबिल्ड हे बांधणीचे साधन वेगळी सूचना न दिल्यास रोमनेतर अक्षरांच्या जागी त्यांचे युनिकोड क्रमांक लिहिते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते, तर क्रमांकरूपात ६. त्यामुळे फाइलीतील मराठी मजकुराचा असंकुचित आकार दुप्पट होतो आणि तो डोळ्यांनी वाचता येत नाही; अक्षरसंच यूटीएफ-८ ठेवण्याची सूचना दिली की हे टळते. बांधणीविना पद्धतीत मजकूर लिहिला तसाच जातो, मात्र फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवून पानाच्या आरंभी तसे नमूद करावे लागते.