गवत दुर्मिळ आहे, असं आपण कशावरून म्हणतो?

मागच्या व्याख्यानात आपण 'आहे' आणि 'नाही' या दोन शब्दांबद्दल बोललो. शेवटी एका श्रोत्याने विचारलं, "सर, या चर्चेचा व्यवहारात उपयोग काय?" प्रश्न रास्त होता, पण वेळ संपली होती. आज आम्ही त्याचं उत्तर एका गवताच्या मदतीने देणार आहोत.

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी विस्तीर्ण गवताळ मैदानं आहेत. त्यांना प्रेअरी म्हणतात. तिथलं एक मूळचं गवत म्हणजे बफेलोग्रास. उंची वीतभरही नाही, रंग करडा-हिरवा. बायसनचे कळप त्यावर चरायचे. अमेरिकेत हे गवत भरपूर आहे. जुन्या काळी वस्ती करायला आलेल्या लोकांनी या गवताची मातीसकट ढेकळं कापून घरांच्या भिंती रचल्या. आज लोक ते अंगणात हिरवळ म्हणून लावतात. पण सीमेपलीकडे, कॅनडात, ते फक्त सास्कॅचेवान आणि मॅनिटोबा या प्रांतांच्या दक्षिणेला, थोड्याच जागी उगवतं.

कॅनडात वन्यजीवांची स्थिती ठरवणारी तज्ज्ञांची एक समिती आहे, कोसेविक नावाची. १९७७ पासून ती काम करते. तिने २००१ मध्ये या गवताला 'धोक्यात' या वर्गात ठेवलं. २०११ मध्ये त्याला एक पायरी खाली, 'विशेष चिंता' या वर्गात आणलं. ऐकणाऱ्याला वाटेल, दहा वर्षांत गवत वाढलं, वा! पण मुख्य कारण ते नव्हतं. लोकांनी जास्त शोध घेतला आणि आधी ठाऊक नसलेल्या जागा सापडल्या. म्हणजे बदललं काय? गवत नव्हे, आपलं ज्ञान बदललं. ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर तीन साधे प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न: 'एक' म्हणजे काय? आययूसीएन या जागतिक संघटनेच्या लाल यादीचे निकष आकड्यांत असतात. प्रौढ जीव २५०पेक्षा कमी असतील तर ती जात संकटग्रस्त, असा त्यातला एक निकष आहे. आता वाघ मोजता येतो. गवत कसं मोजायचं? आपल्याकडची हरळी आठवा. तिची धावती खोडं जमिनीवरून सरपटतात आणि पेरापेराला मुळं धरतात. बफेलोग्रासचंही तसंच. शिवाय त्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. खोलीएवढा हिरवा पट्टा दिसतो, पण तो सगळा एकाच बीपासून पसरलेला असू शकतो. मग ते एक झाड, की हजार?

यावर आययूसीएनचा नियम असा: एकाच मुळातून पसरलेल्या जिवाचा जो भाग स्वतः प्रजनन करतो आणि तोडला तरी एकटा जगू शकतो, तो स्वतंत्र धरा. आम्ही तत्त्वज्ञानवाले 'व्यक्ती कशाला म्हणावं' यावर वर्षानुवर्षं भांडतो. इथे मोजणाऱ्याला गुडघ्यावर बसून त्याचा निकाल लावावा लागतो, आणि त्यावर पुढचा आकडा ठरतो.

म्हणूनच गवताच्या बाबतीत डोकी मोजण्यापेक्षा जागा मोजणं बरं पडतं. नकाशावर दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचे चौकोन आखायचे आणि गवत असलेले चौकोन मोजायचे. हे क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरांपेक्षा कमी भरलं, तर जात संकटग्रस्त ठरू शकते. पण तेवढ्याने भागत नाही. सोबत आणखी अटी लागतात. उदाहरणार्थ, सतत घट चालू असणं, किंवा पाचपेक्षा जास्त 'ठिकाणं' नसणं. आणि 'ठिकाण' याचा अर्थही धोक्यावरून ठरतो, बरं का. एकाच संकटाने जेवढं सगळं झपाट्याने सापडेल, तेवढं एक ठिकाण. समजा, गवताचे दहा पट्टे एकाच नियोजित कोळसा खाणीच्या हद्दीत आले. ते दहा नव्हेत, एकच.

दुसरा प्रश्न: 'नाही' म्हणजे काय? इथे आपले जुने नैयायिक कामाला येतात. 'जमिनीवर घट नाही' हे कशावरून कळतं? घट दिसत नाही यावरून. पण अंधारात दिसला नाही, तर तो नाही असं म्हणता येईल का? नाही म्हणता येणार. म्हणून त्यांनी अट घातली, योग्यानुपलब्धीची. घट असता तर नक्की दिसला असता, अशी परिस्थिती हवी. तरच न दिसण्याला पुरावा म्हणायचं.

बफेलोग्रास तर उंच गवतात दडून बसतं. नराचे तुरे तरी पानांच्या वर येतात, मादीची बोंडं पानांतच लपलेली असतात. रस्त्यावरून गाडीतून बघणाऱ्याला ते दिसलं नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून चांगल्या अहवालात कुठे सापडलं एवढंच लिहीत नाहीत. कुठे शोधलं, किती तास शोधलं, कोणत्या महिन्यात शोधलं आणि तरी सापडलं नाही, हेही लिहितात. ती रिकामी पानं नव्हेत. तोच खरा पुरावा असतो.

तिसरा प्रश्न: दुर्मिळ, पण कुठे? अमेरिकेत मुबलक आणि कॅनडात दुर्मिळ, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. मग कोणी म्हणेल, राजकीय सीमेसाठी एवढी काळजी कशाला? सीमा माणसांनी आखली, हे खरंच. पण कुठल्याही जातीच्या प्रदेशाच्या कडेवरची झाडं वेगळी थंडी, वेगळा हंगाम सोसतात. त्यांच्यात असे गुण असू शकतात, जे मध्यभागी सापडणार नाहीत. सीमेपलीकडून बी येऊन इथली तूट भरून निघेल का, हेही तपासतात. त्याचं उत्तर 'हो' आलं तर धोका कमी धरतात.

आता सर्वात महत्त्वाचं. स्थिती ठरवणं आणि काय करायचं ते ठरवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. 'काय आहे' यातून 'काय करावं' हे आपोआप निघत नाही, असं डेव्हिड ह्यूम सांगून गेला. कॅनडाने हा भेद कायद्यातच ठेवला आहे. समिती स्थिती सांगते, यादीत घालायचं की नाही ते सरकार ठरवतं. आणि त्या शब्दाला वजन असतं. यादीत 'धोक्यात' असलेली वनस्पती केंद्र सरकारच्या जमिनीवर नष्ट करायला बंदी आहे. 'विशेष चिंता' म्हटलं की ती बंदी लागू होत नाही, फक्त व्यवस्थापनाचा आराखडा करावा लागतो.

म्हणून वर्ग उतरला की 'सुटलो' म्हणायची घाई नको. पायरी खाली आली तेव्हाही उघड्या कोळसा खाणी, नांगर, जलाशय, बाहेरून आलेल्या वनस्पती हे धोके होतेच. आणखी एक गंमत बघा. या गवताला कुंपण घालून नुसतं सोडून दिलं, तर ते वाचेलच असं नाही. चरणारी जनावरं गेली की उंच गवत आणि झुडपं वाढतात, आणि हे बिचारं सावलीत मरतं. हात न लावणं म्हणजेच रक्षण, हे आपण गृहीत धरतो. इथे ते खरं ठरत नाही.

तर त्या श्रोत्याला आमचं उत्तर असं. 'एक', 'नाही' आणि 'दुर्मिळ' हे तीन शब्द आपण रोज वापरतो आणि त्यांचा विचार करत नाही. पण एखाद्या अहवालात ते ढिलेपणाने वापरले, तर असलेलं गवत नाही असं ठरतं आणि तिथे खाण होते. किंवा नसलेला धोका आहे असं ठरतो, आणि मर्यादित पैसा भलतीकडे जातो. शब्द नेमके वापरणं एवढंच आम्ही आयुष्यभर शिकवलं. त्याचा उपयोग वीतभर गवतालाही होतो, हे आम्हाला मात्र फार उशिरा कळलं.

पुढच्या वेळी आपण 'जात' म्हणजे काय, हा प्रश्न घेऊ.